शून्याने भागलं की काय होतं? बीडशी नाव जोडलेल्या भास्कराचार्यांची गोष्ट

समजा, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या मुकादमाचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवायचाय. ऊसतोडीला निघणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टोळीची उचल 6 लाख, कोयते 12, म्हणजे कोयत्यामागे 50 हजार. प्रोग्रॅम हा भागाकार निमूटपणे करत राहतो. मग एक दिवस नवी टोळी नोंदवली जाते. उचलीचा आकडा टाकला जातो, पण कोयत्यांचा रकाना अजून भरलेला नसतो, म्हणजे तिथे 0. बटण दाबलं की 6 लाख भागिले 0. खिडकी क्षणभर गोठते आणि नाहीशी होते. सकाळपासून भरलेल्या, पण सेव्ह न केलेल्या नोंदीही तिच्याबरोबर जातात.

प्रोग्रॅमर मंडळी याला न पकडलेलं एक्सेप्शन म्हणतात. नेहमीच्या वाटेने जाता येईना अशी परिस्थिती आली, कुणीतरी ती सांभाळायला हवी होती, आणि कुणीच सांभाळली नाही. अशा वेळी करायचं काय? थांबायचं? खोटं उत्तर देऊन पुढे जायचं? की इथे काहीतरी वेगळं घडलंय अशी खूण ठेवून हिशेब चालू ठेवायचा?

कॉम्प्युटर यायच्या आठशे वर्षं आधी याच प्रश्नाशी झुंजलेला एक माणूस आपल्या मुलखात होऊन गेला. त्याचं गाव बीड होतं, असं मानणारे आजही आहेत. तो म्हणजे भास्कराचार्य.

गाव कुठलं, हाच पहिला प्रश्न

भास्कराचार्यांनी स्वतःबद्दल फार लिहिलेलं नाही, पण जे लिहिलंय ते नेमकं आहे. जन्म शके 1036, म्हणजे इसवी सन 1114. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर, ज्योतिषी आणि विद्वान, आणि तेच मुलाचे गुरू. गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड. काही पोथ्यांत ते विज्जलविड असंही येतं.

आता हे विज्जडविड म्हणजे आजचं कोणतं गाव? इथून भांडण सुरू होतं. नावातला शेवटचा विड पाहिला की बीड आठवतंच. बीड जिल्ह्यातून जाणारी बालाघाटची रांग ही सह्याद्रीचाच फाटा, त्यामुळे सह्याद्रीची अटही ओढूनताणून बसवता येते. कर्नाटकातल्या विजापूरचेही दावेदार आहेत. अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यात तर बिदरचं नाव येतं. एका माणसासाठी एवढी गावं भांडतात, हे भाग्य फार थोड्या गणितज्ञांच्या वाट्याला आलंय.

पण पारडं जड आहे ते चाळीसगावजवळच्या पाटणचं. पाटणादेवीच्या परिसरात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. त्याची माहिती त्यांनी 1865 मध्ये प्रसिद्ध केली आणि भास्कराचार्यांची अख्खी वंशावळच हाती आली. मूळपुरुष त्रिविक्रम. मग भास्करभट्ट, ज्याला भोजराजाने विद्यापती ही पदवी दिली. त्यानंतर गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचा मुलगा भास्कर. पुढे भास्कराचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चंगदेव. यादव राजा जैत्रपालाने लक्ष्मीधराला याच गावातून नेऊन आपल्या पंडितांचा प्रमुख केलं, असंही त्यात नोंदलंय.

बीडकरांना वाईट वाटेल, पण दगडावर कोरलेल्या पुराव्यासमोर नावातलं साम्य टिकत नाही. तरी एक मान्य करायला हवं. शिलालेख कुटुंबाचं वास्तव्य सांगतो, भास्कराचार्यांचा जन्म कुठे झाला ते सांगत नाही. त्यामुळे बीडचा दावा अगदी खोडून काढता येत नाही. तो पुराव्याविना उभा आहे, इतकंच. दोन्ही गावं एकाच राजकीय मुलखातली होती हेही खरं. भास्कराचार्यांच्या जन्मावेळी या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचा अंमल होता. त्यांच्या म्हातारपणी तो ढासळला आणि देवगिरीचे यादव वर आले. त्यांच्या नातवाला मठ उभारायला मिळाला तो यादव सिंघणाच्या काळात, आणि याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याच्या नावाचं देऊळ बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला आजही आहे.

छत्तिसाव्या वर्षी चार ग्रंथ

बालपणाबद्दल काही कळत नाही. एकदम दिसतो तो 36 वर्षांचा पंडित आणि त्याच्या हातातला सिद्धांतशिरोमणी. साल 1150. या ग्रंथाचे चार भाग. लीलावती म्हणजे अंकगणित आणि भूमिती, बीजगणित नावातच आलं, ग्रहगणित म्हणजे ग्रहांच्या गतींचा हिशेब, आणि गोलाध्याय म्हणजे पृथ्वी-आकाशाच्या गोलाचं विवेचन. लीलावती आणि बीजगणित पुढे स्वतंत्र ग्रंथांसारखे शिकवले जाऊ लागले. लीलावती तर भारतभर शेकडो वर्षं पाठ्यपुस्तक होती.

ती टिकली त्याचं कारण साधं आहे. हंसांचे थवे, कमळावरचे भुंगे, सापावर झेपावणारा मोर, व्यापाऱ्याचं व्याज, धान्याच्या राशी. उदाहरणं माणसांच्या जगातली. आणि सगळं पद्यात, म्हणजे पाठ करायला सोपं. फक्त पद्यावर भागत नाही हे ओळखून सिद्धांतशिरोमणीवर त्यांनी स्वतःच गद्य टीका लिहिली, वासनाभाष्य. नियम का खरा आहे याची फोड त्यात येते. स्वतःच्या कोडला स्वतःच कॉमेंट लिहिणारा माणूस म्हणा ना.

आता शून्याकडे वळू.

भास्कराचार्यांच्या आधीची दोन उत्तरं

शून्याचे नियम पहिल्यांदा पद्धतशीर मांडले ते ब्रह्मगुप्ताने, 628 मध्ये. बेरीज, वजाबाकी, गुणाकार त्याने बरोबर लावले. भागाकारापाशी अडचण आली. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं त्याने ठरवून टाकलं. दुसऱ्या एखाद्या संख्येला शून्याने भागलं तर? तेव्हा शून्य हा छेद तसाच ठेवायचा, म्हणजे अपूर्णांक लिहून मोकळं व्हायचं.

पुढे इसवी सन 850 च्या सुमारास महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, म्हणजे त्या वेळी मराठवाडाही ज्या राज्यात होता त्याच राज्यातले. त्यांनी म्हटलं की शून्याने भागलं तरी संख्या तशीच राहते. विचार समजण्यासारखा आहे. कुणाला वाटायचंच नाही तर वाटप झालं नाही, ढीग तसाच राहिला.

ही दोन्ही उत्तरं आजच्या प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी सापडतात. काही अडलं की गुपचूप 0 धरायचं, ही ब्रह्मगुप्ताची शून्य भागिले शून्याची वाट. एक्सेप्शन पकडायचं, त्याबद्दल काहीच करायचं नाही आणि जुनाच आकडा पुढे सरकवायचा, ही महावीराचार्यांची. आपल्या मुकादमाच्या हिशेबात पहिल्या वाटेने कोयत्यामागे उचल 0 रुपये दिसेल, दुसऱ्या वाटेने 6 लाख. दोन्हीकडे खिडकी उघडी राहील, कुणाचं काम अडणार नाही, आणि हंगामाअखेर एखाद्या कुटुंबाच्या डोक्यावर नसलेलं 6 लाखांचं कर्ज चढलेलं असेल. खिडकी बंद पडणं परवडलं, असं म्हणायची वेळ येते ती इथे.

खहर

भास्कराचार्यांनी तिसरी वाट काढली. ज्या संख्येचा हर, म्हणजे छेद, ख म्हणजे शून्य आहे, तिला त्यांनी खहर असं नाव दिलं. बीजगणितात 3 भागिले 0 चं उदाहरण घेऊन ही अनंत राशी आहे असं सांगितलं. आणि पुढे तिचा स्वभाव सांगितला. तिच्यात काहीही मिळवा, तिच्यातून काहीही काढा, ती बदलत नाही. त्यासाठी दिलेली उपमा अनंत अच्युताची आहे. सृष्टीच्या वेळी असंख्य जीव त्याच्यातून बाहेर पडतात, प्रलयाच्या वेळी त्याच्यात परत जातात, पण त्याच्यात काही फरक पडत नाही.

उपमा सुंदर आहे, पण आपल्या कामाचा भाग तिच्या आधीचा आहे. भास्कराचार्यांनी गणित थांबवलं नाही आणि खोटा आकडाही घातला नाही. न मावणाऱ्या गोष्टीला त्यांनी स्वतंत्र नाव दिलं, आणि ते नाव घेऊन पुढच्या पायऱ्या कशा करायच्या याचा नियम दिला.

1985 साली कॉम्प्युटरमधल्या दशांश संख्यांसाठी एक जागतिक मानक ठरलं, आयईईई 754. विल्यम काहान हे त्यामागचं मोठं नाव. त्या मानकानुसार 1.0 भागिले 0.0 केलं तर कॉम्प्युटर थांबत नाही, अनंत अशी खूण देतो. त्या अनंतात 5 मिळवा, 5 काढा, उत्तर अनंतच. शिवाय शून्याने भागलं गेलं याची नोंद म्हणून एक झेंडा वर केला जातो, ज्याला बघायचंय त्याने बघावा. काहान यांनी हे भास्कराचार्यांवरून घेतलं असं मुळीच नाही. ते वेगळ्या वाटेने तिथे आले. पण खहराचा नियम आणि या अनंताचा बेरीज-वजाबाकीचा नियम एकच आहे.

मग आपला प्रोग्रॅम का पडला? कारण 6 लाख आणि 0 या पूर्णांक संख्या होत्या. कॉम्प्युटरमधल्या पूर्णांकाच्या खोक्यात प्रत्येक खूण कुठल्या ना कुठल्या संख्येसाठी आधीच वापरलेली असते, खहर ठेवायला जागाच शिल्लक नसते. म्हणून तिथे प्रोसेसर हात वर करतो. आपल्या नेहमीच्या डेस्कटॉपमधल्या इंटेल घराण्याच्या प्रोसेसरमध्ये अशा अडचणींना क्रमांक दिलेले आहेत, आणि भागाकाराच्या अडचणीचा क्रमांक आहे 0. यादीतली अगदी पहिली.

तक्रार वर वर जाते

प्रोसेसरने हात वर केला की पुढे काय होतं ते सरकारी कामासारखं समजून घेता येईल. गावातली तक्रार आधी तलाठ्याकडे जाते. त्याच्याने निकाल लागला नाही तर मंडळ अधिकारी, मग तहसीलदार, मग प्रांत, मग जिल्हाधिकारी. प्रोग्रॅममध्येही भागाकार करणारा तुकडा, त्याला बोलावणारा तुकडा, त्यालाही बोलावणारा तुकडा अशी साखळी असते. एक्सेप्शन त्या साखळीतून वर चढत जातं. कुणी पकडलं तर तिथेच निकाल. कुणीच पकडलं नाही तर शेवटी ते पोहोचतं फ्रेमवर्ककडे, म्हणजे खिडक्या, बटणं आणि माउसचे क्लिक सांभाळणाऱ्या तयार सांगाड्याकडे.

हे शेवटचं कार्यालय प्रत्येक सांगाड्यात वेगळं वागतं. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फॉर्म्समध्ये मुख्य धाग्यावर, म्हणजे जिथे खिडक्यांचं काम चालतं तिथे, असं झालं तर सहसा एक पाटी येते आणि पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं ते वापरणाऱ्याला विचारते. बिचाऱ्या कारकुनाला काय कळणार? तो चालू ठेवा दाबतो. पण हाच गोंधळ मागे चाललेल्या दुसऱ्या धाग्यावर झाला तर पाटीची सोय नाही. प्रोग्रॅमला फक्त जाता जाता निरोप मिळतो, मरण टळत नाही. डब्ल्यूपीएफमध्ये मुख्य धाग्यावरचं एक्सेप्शन निस्तरलं आहे असं जाहीर करण्याची मुभा असते, आणि तसं जाहीर केलं की प्रोग्रॅम जिवंत राहतो. मोह इथेच होतो. सगळ्याच एक्सेप्शनना निस्तरलं म्हणायचं आणि झोपायचं. हे पुन्हा महावीराचार्यांचंच उत्तर झालं. जावाच्या स्विंगमध्ये तर तुम्ही काही सोय केली नसेल तर अडचणीची माहिती पडद्यामागच्या कन्सोलवर छापली जाते आणि खिडकी तशीच राहते. वापरणाऱ्याला दिसतं ते इतकंच की बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

या शेवटच्या कार्यालयात शहाणा प्रोग्रॅमर फार थोड्या गोष्टी करतो. काय झालं, कुठे झालं, कोणत्या साखळीतून आलं हे फाइलीत लिहून ठेवतो. उघड्या नोंदी वेगळ्या जागी वाचवतो. वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगतो. आणि बहुतेक वेळा प्रोग्रॅम नीट बंद करून पुन्हा सुरू करतो, कारण अर्धवट झालेल्या हिशेबावर पुढचा हिशेब चढवणं धोक्याचं असतं. कोयते 0 असतील तर काय करायचं याचा खरा निकाल मात्र तलाठ्याच्या पातळीवरच लागायला हवा. भागाकाराच्या आधी रकाना तपासायचा आणि उत्तराच्या जागी कोयते भरलेले नाहीत असं लिहायचं. जिल्हाधिकाऱ्याला काय कळणार की हा भागाकार उचलीचा होता!

हे न केल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या नौदलातलं. सप्टेंबर 1997 मध्ये यॉर्कटाऊन या युद्धनौकेवर कुणीतरी डेटाबेसच्या एका रकान्यात 0 टाकला. त्याने भागाकार झाला, अडचण न सांभाळता पसरत गेली, आणि जहाजाला पुढे नेणारी यंत्रणाच बंद पडली. सुमारे पावणेतीन तास ती भलीमोठी नौका समुद्रात नुसती तरंगत होती.

जिथे भास्कराचार्य स्वतः घसरले

खहरावर सगळेच खूश होतात. लीलावतीतला पुढचा नियम मात्र सहसा टाळून पुढे जातात, म्हणून तो इथे सांगायलाच हवा. एखाद्या संख्येला शून्याने गुणलं आणि पुढे आणखी काही क्रिया बाकी असतील तर लगेच शून्य लिहून टाकू नका, खगुण म्हणून ती तशीच बाजूला ठेवा. पुढे शून्यानेच भागायची वेळ आली तर मूळ संख्या जशीच्या तशी परत आली असं समजा.

त्यावरचं उदाहरण असं आहे. एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचंच निम्मं मिळवलं, 3 ने गुणलं, शून्याने भागलं, तर उत्तर 63 आलं. संख्या कोणती? भास्कराचार्यांच्या नियमाने दोन्ही शून्यं एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं संख्येच्या दीडपटीचं तिप्पट, म्हणजे साडेचारपट. 63 भागिले साडेचार, उत्तर 14.

आजचा कॉम्प्युटर हे ऐकणार नाही. शून्य भागिले शून्य केलं की आयईईई 754 अनंत देत नाही, संख्याच नाही अशी वेगळी खूण देतं, आणि ती खूण पुढच्या सगळ्या हिशेबाला लागत जाते. कारण 14 च्या जागी कोणतीही संख्या घेतली तरी शून्याने गुणल्यावर ती शून्यच होते, मागची ओळख पुसली जाते. भास्कराचार्यांना ही ओळख जपायची होती. ग्रहगणितात या रीतीचा मोठा उपयोग होतो असं त्यांनी म्हटलंय, आणि काही अभ्यासक इथे कलनशास्त्राच्या सीमेच्या कल्पनेची चाहूल बघतात. मला ते थोडं जास्त वाटतं. ग्रहाची एका क्षणाची गती काढताना त्यांनी जे केलं त्यात ती चाहूल खरोखरच आहे, पण 14 च्या उदाहरणात आहे ती एक चतुर सोय. नियम म्हणून ती टिकत नाही.

दुसरीकडे, जिथे थांबायला हवं तिथे ते ठामपणे थांबलेही. ऋण संख्येचं वर्गमूळ काय? धन संख्येचा वर्ग धन, ऋण संख्येचाही वर्ग धन. मग ऋण संख्या कुणाचाच वर्ग नाही, म्हणून तिला मूळच नाही. इथे त्यांनी खहरासारखं नवं नाव काढलं नाही, सरळ नकार दिला. पुढे कित्येक शतकांनी युरोपात त्यालाही नाव मिळालं आणि काल्पनिक संख्या जन्मल्या, पण त्यांच्या काळाच्या हिशेबाला नकार हेच प्रामाणिक उत्तर होतं.

आणि मग ते माकडांचं उदाहरण. कळपाच्या पाचव्या भागातून 3 कमी करून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला तेवढी माकडं गुहेत गेली, एक बाहेर दिसतंय, तर कळप किती? समीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात, 50 आणि 5. बीजाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. पण 5 घेतलं तर पाचवा भाग 1, त्यातून 3 गेले की उणे 2 माकडं. अशा उणे वस्तूंवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून 5 सोडून द्यायचे असं भास्कराचार्य सांगतात. सूत्राला जे चालतं ते जगाला चालतंच असं नाही, आणि उत्तर बाहेर देण्याआधी ते जगाशी ताडून बघायचं हे काम त्यांनी गणितज्ञाच्याच गळ्यात घातलं.

लल्लाची चूक आणि पाण्याचं घड्याळ

इतरांच्या चुका दाखवायला ते कचरत नसत. लल्ल हा त्यांच्या आधीचा नामवंत ज्योतिषी. गोलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढायला त्याने वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले परीघ असं सूत्र दिलं होतं. गोलाध्यायात भास्कराचार्यांनी ते चूक ठरवलं आणि पृष्ठफळ वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असतं हे दाखवलं, चेंडूवर जाळी गुंडाळावी तशी गोलावर जाळी कल्पून. नाव मोठं आहे म्हणून सूत्र चालवून घेतलं नाही.

त्यांची बीजगणितातली कमाई एका ओळीत सांगायची तर, 61 ने गुणलेल्या वर्गात 1 मिळवून पुन्हा वर्गच यावा अशी सगळ्यात लहान संख्या त्यांनी चक्रवाल पद्धतीने काढली. ती आहे 226153980, आणि येणारा वर्ग 1766319049 चा. हेच कोडं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने 1657 मध्ये युरोपातल्या विद्वानांपुढे टाकलं होतं.

लीलावतीच्या लग्नाची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेलच. लेकीच्या नशिबी वैधव्य आहे असं दिसल्यावर भास्कराचार्यांनी एक शुभ घडी शोधून काढली आणि ती चुकू नये म्हणून घटिकापात्र मांडलं. तळाला भोक असलेली वाटी पाण्यात तरंगते, हळूहळू भरते आणि बुडाली की घटका झाली. कुतूहलाने डोकावणाऱ्या मुलीच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, भोक बुजलं, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. मग लेकीचं नाव अमर व्हावं म्हणून ग्रंथाला तिचं नाव दिलं. ही कथा आपल्याला मिळते ती फैजीच्या फारसी भाषांतरातून, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. त्यांच्या स्वतःच्या लेखनात तिचा पत्ता नाही, त्यामुळे ती दंतकथा म्हणूनच घ्यायला हवी.

पण दंतकथा रचणाऱ्याने यंत्राचा स्वभाव अचूक ओळखलाय. घड्याळ फुटलं असतं तर लोक धावले असते. ते फुटलं नाही, थांबल्याचं त्याने कुणाला सांगितलंही नाही. वाटी शांतपणे तरंगत होती आणि सगळं ठीक दिसत होतं. स्विंगमधल्या त्या मुक्या बटणासारखंच.

शेवटचा ग्रंथ आणि नातवाचा मठ

1183 हे आरंभवर्ष धरून भास्कराचार्यांनी करणकुतूहल लिहिला, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर. सिद्धांतशिरोमणीत सगळी फोड करून सांगितलेली, करणकुतूहलात मात्र पंचांग करणाऱ्याला झटपट वापरता येतील अशा सोप्या रीती. त्यांच्या मृत्यूचं साल निश्चित नाही. उज्जैनच्या वेधशाळेचे ते प्रमुख होते असं अनेक ठिकाणी छापलेलं दिसतं, पण त्यांच्या ग्रंथांत त्याला आधार मिळत नाही.

मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी गेला, नातू चंगदेव सिंघणाचा ज्योतिषी झाला. चंगदेवाने पाटणला मठ स्थापन केला, तो मुख्यतः आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. गणितज्ञाच्या नावाने चाललेल्या शाळेचा इतका जुना लेखी पुरावा दुर्मीळच म्हणायचा. भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती, त्याचा नातू अनंतदेव हाही सिंघणाच्याच पदरी ज्योतिषी होता, आणि चाळीसगावजवळच्याच बहाळ गावी 1222 च्या शिलालेखात त्याचं नाव सापडतं.

पाटणच्या मठाला दान दिलं ते यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने, 1207 साली, ग्रहणाच्या पर्वावर. शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, वंशाची आणि विद्येची थोरवी सांगणारा. शेवटी मात्र भाषा बदलते आणि ओळी त्या काळच्या मराठीत येतात, कारण तिथून पुढे हिशेब सुरू होतो. बाजारात येणाऱ्या मालावरच्या करातला मठाचा वाटा किती आणि घाण्यातलं तेल किती, हे ज्यांनी द्यायचं आणि ज्यांनी घ्यायचं त्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून.